कीटक खायला सांगा, पण लपवून खाऊ घालू नका

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

कीटकांपासून मिळणाऱ्या प्रथिनांविषयी अलीकडे जे लिहिले-बोलले जाते, त्याचा सूर बहुधा एकच असतो. रातकिडे, टोळ आणि अळ्या हे उद्याचे अन्न आहे, ते पौष्टिक आहे, त्याला जमीन आणि पाणी कमी लागते, आणि आता अडचण उरली आहे ती फक्त ग्राहकाच्या मनातल्या किळसेची. त्यावरचा उपायही ठरलेला असतो: कीटक वाळवावेत, त्यांचे पीठ करावे आणि ते बिस्किटांत, शेवयांत, पोळीच्या कणकेत मिसळावे, म्हणजे डोळ्यांना दिसणार नाही आणि मनाला खटकणार नाही. या उपायाला माझा मनापासून विरोध आहे. कीटक खाण्याला मात्र माझा विरोध नाही, हे आधीच स्पष्ट केलेले बरे.

तुर्भ्याच्या औद्योगिक वसाहतीत धान्य आणि डाळी साफ करणाऱ्या एका कारखान्याच्या तपासणी विभागात माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे गेली. धान्यात कीटक राहू नये हे पाहणे, हेच माझे काम होते. वाशीच्या धान्य बाजारातून माल आला की गोणीत लोखंडी नळी खुपसून नमुना काढायचा, तो पांढऱ्या ट्रेवर पसरायचा आणि भिंगाखाली एकेक दाणा फिरवून पाहायचा. हरभऱ्यावर चिकटलेले बारीक पांढरे ठिपके म्हणजे भुंग्याची अंडी. दाण्याला गोल छिद्र दिसले तर भुंगा बाहेर पडून गेलेला असतो, आणि छिद्राऐवजी सालीखाली नुसतीच धूसर गोल खिडकी दिसली तर तो अजून आत असतो. कीटक चाळून काढून टाकले तरी माल सुटत नाही, कारण आपल्या अन्नसुरक्षा नियमांत धान्यातील युरिक आम्लाची मर्यादा किलोमागे १०० मिलिग्रॅम अशी घालून दिलेली आहे. कीटकांच्या विष्ठेतून येणाऱ्या या आम्लावरून धान्याला कीड किती लागली होती याचा माग मागाहूनही काढता येतो.

प्रयोगशाळेत भिंगाखाली जे होते, तेच घरोघरी सुपात होते. उन्हाळ्यात गच्चीवर गहू वाळवायचा, डब्यात कडुनिंबाचा पाला घालायचा, तूरडाळीला एरंडेल चोळायचे, रव्याला जाळी धरलेली दिसली की सगळाच टाकून द्यायचा, हे कोणी पुस्तकात वाचून शिकत नाही. धान्य दुकानात मूठभर तांदूळ तळहातावर घेऊन फुंकर मारणारी बाई पिढ्यान्‌पिढ्यांची पारख वापरत असते. अन्नात कीटक दिसला की अन्न बिघडले, ही तिची समजूत तिच्या अनुभवापुरती बरोबरच आहे. मग एक दिवस तिला कोणी सांगावे की अन्नातला कीटक हेच अन्न आहे, आणि ती कचरली तर तिला मागासलेली म्हणावे, हे मला अन्यायाचे वाटते.

ही किळस तर्काने सहज धुऊन निघत नाही, हेही खरे आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांपैकी एकात, निर्जंतुक केलेले मेलेले झुरळ पेयाच्या पेल्यात क्षणभर बुडवून काढले होते. झुरळ निर्जंतुक आहे हे ठाऊक असूनही लोकांना ते पेय नकोसे झाले. एकदा स्पर्श झाला की तो कायमचा, असे मन मानते. यावरून काही जण असा निष्कर्ष काढतात की लोकांना सांगूच नये. मला नेमके उलटे वाटते. मन इतके हळवे असेल, तर आपल्याला न सांगता काही खाऊ घातले गेले हे ज्या दिवशी कळेल, त्या दिवशी ते मन केवळ त्या बिस्किटावरचा विश्वास सोडून थांबणार नाही. प्रत्येक बिस्किटाकडे, प्रत्येक तयार पिठाकडे ते संशयाने पाहू लागेल.

कीटकांच्या बाजूने जे सांगितले जाते त्यात तथ्य आहे, हे मी मान्य करते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ साली खाद्य कीटकांवर सविस्तर अहवाल काढला. जगात सुमारे २०० कोटी लोकांच्या आहारात कीटक असतात आणि खाल्ल्या जाणाऱ्या जाती १,९०० हून अधिक आहेत, असा त्यात अंदाज आहे. गुरांचे वजन एक किलोने वाढायला साधारण आठ किलो खाद्य लागते, तिथे कीटकांना सुमारे दोन किलो पुरते. शिवाय रातकिड्याचा ८० टक्के भाग खाता येतो, तर गुराचा ४० टक्केच. थायलंडमध्ये हजारो शेतकरी रातकिडे पाळतात. युरोपीय संघाने २०२१ ते २०२३ या काळात पिवळी अळी, टोळ, घरगुती रातकिडा आणि आणखी एका भुंगेऱ्याची अळी अशा चार कीटकांना माणसाचे अन्न म्हणून मान्यता दिली, आणि सिंगापूरने जुलै २०२४ मध्ये १६ जातींना परवानगी दिली.

या यादीतला पहिला कीटक माझ्या जुन्या ओळखीचा आहे. पिवळी अळी ही साठवणुकीतल्या धान्याची आणि पिठाची जुनी कीड, आणि चौथा भुंगेरा कोंबड्यांच्या शेडमध्ये उपद्रव देणारा. कारखान्यात जिच्यामुळे आम्ही माल परत पाठवला असता, तीच अळी युरोपात दुकानाच्या फळीवर आली, ती वाढवण्याच्या पद्धतीमुळे. पाळलेल्या अळ्यांना ठरलेले वनस्पतिजन्य खाद्य देतात, शेवटी किमान २४ तास उपाशी ठेवून त्यांचे पोट रिकामे होऊ देतात, मग उष्णता देऊन मारतात, वाळवतात आणि जंतू व जड धातूंसाठी तपासतात. ग्राहकाच्या मनातला खरा प्रश्न इथेच आहे. हा किडा कुठे वाढला, त्याने काय खाल्ले, तो कोणी तपासला? या प्रश्नाचे उत्तर न देता केवळ ‘प्रथिने साठ टक्के’ असे ठळक छापून काहीच साधणार नाही.

पाय, डोळे आणि मिशा असलेला जीव अख्खा खाण्याची आपल्याला सवय नाही, असे म्हणणाऱ्यांनी ठाण्या-नवी मुंबईच्या कोळीवाड्यांत एकदा जाऊन यावे. चेंदणी असो, दिवाळे असो की सारसोळे, खाडीकाठच्या या वस्त्यांत जवळा हा रोजच्या जेवणातला. वाळलेला जवळा मुठीत घेऊन पाहिला तर प्रत्येकाचा काळा ठिपक्यासारखा डोळा, दुमडलेले पाय, केसासारख्या लांब मिशा सगळे स्पष्ट दिसते. तव्यावर कोरडा भाजून, कांदा आणि कोकम घालून त्याचे सुके केले की वास शेजारपाजारी जातो, आणि कोणी त्याचे डोळे मोजत बसत नाही. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने जवळा आणि रातकिडा हे दोघेही संधिपाद, म्हणजे सांध्यांचे पाय आणि अंगावर कायटिनचे कवच असलेले जीव. तरीही एक आपला आणि दुसरा परका, याचे कारण मला असे दिसते की जवळा विकणारी बाई ओळखीची असते. तो कोणत्या उन्हात वाळला, त्यात वाळू राहिली आहे का, पावसाळ्याची बेगमी म्हणून घ्यायचा तर कोणता घ्यावा, हे ती तोंडावर सांगते, आणि चुकली तर पुढच्या वेळी तिला जाब विचारता येतो. परक्या अन्नाला अशी ओळख मिळवावी लागते. पाकिटाच्या मागच्या बाजूला, भिंगाशिवाय वाचता न येणाऱ्या अक्षरांत ती मिळत नाही.

जवळ्याशी असलेल्या या नात्याची दुसरी बाजू आरोग्याची आहे, आणि माझ्या मते या सगळ्या चर्चेत तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. कोळंबी, जवळा, चिंबोरी खाल्ल्यावर ज्यांच्या अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, क्वचित श्वास कोंडतो, त्यांच्या त्रासामागे बहुतेक वेळा ट्रोपोमायोसिन नावाचे प्रथिन असते. कीटकांतही त्याच्याशी मिळतेजुळते प्रथिन असते. म्हणून युरोपात कीटकांच्या पदार्थावर, कोळंबीवर्गीय जीवांची किंवा घरातील धुळीतल्या सूक्ष्म माइट किड्यांची ॲलर्जी असलेल्यांना त्रास होऊ शकतो, अशी सूचना छापणे बंधनकारक आहे. आपल्या वेष्टन-नियमांतील ॲलर्जीकारक घटकांच्या यादीत कवचधारी जलचर आहेत, कीटक नाहीत. चेहरा नसलेले ‘प्रथिनयुक्त पीठ’ कोळंबी न सोसणाऱ्या माणसाच्या ताटात गेले, तर तो ते कोणत्या माहितीच्या आधारे बाजूला सारील? मिसळून टाकण्याचा सल्ला सहज देणाऱ्यांनी आधी या माणसाचा विचार करावा.

श्रद्धेचा आणि आहारनियमांचा प्रश्न तितकाच खरा आहे. ठाण्यात आणि नवी मुंबईत हजारो जैन आणि इतर शाकाहारी कुटुंबे राहतात, आणि ती हिरवा ठिपका आहे की तपकिरी त्रिकोण, एवढे पाहून निश्चिंत मनाने वस्तू घेतात. कायद्याने मांसाहारी पदार्थाची व्याख्या करताना दूध, मध, मेण आणि लाख यांना वगळले आहे. लाख हा कीटकाच्याच अंगातून झरणारा राळेसारखा पदार्थ, आणि गोळ्या-चॉकलेटांना चकाकी देण्यासाठी शुद्ध केलेली लाख वापरतात, हे पुष्कळांना माहीत नसते. मागाहून कळल्यावर काहींना फसवल्यासारखे वाटते आणि त्यांना दोष देता येत नाही. अख्खा कीटक दळून घातलेल्या पदार्थावर तपकिरी त्रिकोणच लागला पाहिजे, आणि तो पाकिटाच्या दर्शनी बाजूला, कीटकाच्या मराठी नावासह असला पाहिजे. ‘रातकिड्याचे पीठ’ असे लिहिले तर खप होणार नाही, अशी धास्ती विक्रेत्यांना वाटत असेल. त्यांना असेही सांगावेसे वाटते की २०२३ च्या सुरुवातीला युरोपभर नेमकी हीच अफवा पसरली होती की सरकार लोकांच्या पिठात गुपचूप किडे मिसळत आहे. तिथे नाव छापणे सक्तीचे असूनही लोकांचा विश्वास बसेना, आणि इटलीच्या सरकारने पिझ्झा-पास्त्यात असे पीठ वापरण्याविरुद्ध भूमिका घेऊन स्वतंत्र नियमांची घोषणा केली. लपवल्याचा नुसता संशय एवढे करतो, तर प्रत्यक्ष लपवल्यावर काय होईल?

कीटक खाणारे लोक आपल्याच देशात, आपल्याच राज्यात आहेत, हे या चर्चेत फार ओझरते येते याचे मला वाईट वाटते. गडचिरोलीत भामरागडच्या बाजूचे माडिया गोंड लाल मुंग्यांची चटणी खातात. शेजारच्या बस्तरमध्ये तिला चापडा म्हणतात आणि आठवडी बाजारात पानाच्या द्रोणात त्या मुंग्या विकायला असतात. ओडिशातील मयूरभंजच्या ‘काई’ चटणीला जानेवारी २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आसामात एरी रेशमाचा धागा काढल्यावर उरणारे किडे आवडीने खाल्ले जातात. ही माणसे प्रथिनांचा तक्ता पाहून खात नाहीत. मुंग्यांचा आंबटपणा त्यांना हवा असतो, त्यांचा हंगाम आणि झाड त्यांना ठाऊक असते, त्या वारुळातल्या नव्हे तर झाडावर पाने शिवून केलेल्या घरट्यातल्या असतात आणि त्या कशा उतरवायच्या याचे कसब असते. शहरात मात्र याच चटणीचे चित्र दाखवले जाते ते ‘हे लोक काय काय खातात पाहा’ या भावनेने, आणि मग तीच वस्तू परदेशी पाकिटात आली की तिला भविष्याचे अन्न म्हणतात. ग्राहकाची अनिच्छा कमी करायची तर या हेटाळणीपासून सुरुवात करावी लागेल. आपल्याकडच्या एखाद्या समाजाचे अन्न आपण हसण्यावारी नेत असू, तर ते आपल्या मुलांच्या डब्यात जाईल अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने ठेवायची?

अनिच्छा कशाने कमी होते याचा एक जुना आणि विचार करण्याजोगा दाखला आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत चांगल्या मांसाचा तुटवडा होता, आणि गृहिणींनी जनावरांचे हृदय, मूत्रपिंड यांसारखे एरवी न खाल्ले जाणारे भाग वापरावेत असा सरकारचा प्रयत्न होता. कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने काही गटांना पोषण, युद्ध आणि बचत यांवर व्याख्यान ऐकवले, तर काही गटांतील स्त्रियांना आपसांत बोलू दिले: घरात वास येतो, नवरा खाणार नाही, शिजवायचे कसे, अशा अडचणी मोकळेपणाने मांडू दिल्या आणि शेवटी निर्णय त्यांच्यावर सोपवला. व्याख्यान ऐकणाऱ्यांपैकी सुमारे ३ टक्के स्त्रियांनी पुढे तसा पदार्थ केला. चर्चा करणाऱ्यांपैकी सुमारे ३२ टक्क्यांनी. त्यात कोणाला काहीही लपवून खाऊ घातले नव्हते. काय आहे ते सांगितले, शंका ऐकून घेतल्या, नाही म्हणण्याची मोकळीक ठेवली.

आपल्याकडे हे करायचे तर जागा तयार आहेत. सुकी मासळी निवडून पाकिटे करणारे महिला बचत गट खाडीकाठी आहेत. जवळा भाजणे, दळणे आणि चटणीत घालणे त्यांच्या हाताखालचे आहे. ज्यांना कवचधारी जीव खाण्याची सवय आहे आणि त्यांची ॲलर्जी नाही, अशा घरांपासून, नाव सांगून, समोर भाजून दाखवून सुरुवात झाली, तर काही जण चव घेतील, काही घेणार नाहीत, आणि दोघांचाही मान राहील. प्रथिनांची कमतरता आहे म्हणून सर्वांनी खाल्लेच पाहिजे, ही भाषा मात्र सोडून द्यावी. आज जगाच्या बाजारात रातकिड्यांचे पीठ डाळीपेक्षा आणि सोयाबीनपेक्षा कितीतरी महाग आहे. ज्या घरात तूरडाळ पातळ होत जाते, त्या घरापर्यंत ते पोचणारच नाही. शाळेतल्या मुलांना आठवड्यातून एक अंडे द्यावे असा निर्णय आपल्या राज्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये घेतला, त्यावर वाद झाले, आणि २०२५ च्या सुरुवातीला त्यासाठीचा सरकारी निधी थांबला. स्वस्त, सर्वपरिचित अंड्याची ही स्थिती असताना कुपोषणाचा भार रातकिड्यावर आणि त्याला कचरणाऱ्या ग्राहकावर टाकणे मला पटत नाही.

कीटकांचा उपयोग सध्या तरी पाळीव प्राण्यांच्या खाद्याच्या बाजूने अधिक सरळ दिसतो. काळ्या सैनिक माशीच्या अळ्या ओला कचरा भराभर खातात, आणि त्या अळ्यांचे प्रथिन कोंबड्यांना आणि माशांना देता येते. मात्र कचऱ्यावर वाढलेल्या अळ्या आणि माणसाच्या अन्नासाठी पाळलेले कीटक या दोन गोष्टी कागदावर आणि कारखान्यात पूर्णपणे वेगळ्या राहिल्या पाहिजेत. युरोपात हॉटेल-स्वयंपाकघरातील उष्टे-खरकटे पाळीव कीटकांना घालण्यास मनाई आहे, ती याच काळजीपोटी.

आपल्या देशात ज्याच्या दर्जाचे निकष ठरलेले नाहीत अशा अन्नाला बाजारात येण्यापूर्वी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मान्यता घ्यावी लागते, आणि त्यासाठी २०१७ चे विनियम आहेत. खाद्य कीटकांबाबत अशी मान्यता देताना कीटकाचे नाव दर्शनी भागावर मोठ्या अक्षरांत, मराठीसह स्थानिक भाषेत असावे. तपकिरी त्रिकोण सक्तीचा असावा. कोळंबीवर्गीय ॲलर्जीची सूचना असावी. कीटकाला कोणते खाद्य दिले हे लिहिलेले असावे. आणि नेहमीच्या कणकेत, बेसनात, रव्यात किंवा लहान मुलांच्या तयार आहारात कीटकांचे पीठ मिसळण्यास परवानगी नसावी, तर तो पदार्थ स्वतःच्या नावाने स्वतंत्र विकला जावा, एवढ्या अटी प्राधिकरणाने घालाव्यात, अशी माझी मागणी आहे. ग्राहक संघटनांनी आणि आहारतज्ज्ञांनी यावर आपले मत मांडावे, आणि आपल्या पत्राने त्यासाठी जागा द्यावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक वाचक
कोपरखैरणे, नवी मुंबई